ताजुन्निसाचा कान

मुंबईच्या रस्त्यातून नाशिकचा रस्ता जिथे फुटतो, तिथून हाकेच्या अंतरावर, कासारवाडीत, लालमहंमद मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांबांवर पत्रे, खाली तेल मुरून काळी झालेली जमीन आणि मागे भिंतीला भिंत लावून राहत्या दोन खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी थेट गॅरेजात उघडायची. त्या खिडकीशी बसून त्याची बायको ताजुन्निसा भाकऱ्या थापायची, तांदूळ निवडायची आणि पुढे येणारी प्रत्येक गाडी मान वर न करता ओळखायची.

ती चाकणच्या पिंजाऱ्याची मुलगी. बाप कापूस पिंजायला बसला की धनुकलीच्या ताणलेल्या तातीचा आवाज दिवसभर घरात घुमत असायचा. तात सैल पडली का, झिजली का, आता तुटणार की अजून दोन गाद्या निघतील, हे तिला सात-आठ वर्षांची असल्यापासून नुसत्या आवाजावरून कळायचं. बाप बाहेरून विचारायचा, "ताजू, कशी वाजतेय?" आणि ती चुलीपाशी बसूनच उत्तर द्यायची. लग्न होऊन मिस्त्रीच्या घरी आली तेव्हा तातीच्या जागी इंजिनं आली, एवढंच.

लालमहंमद कामाला पक्का होता. लढाईच्या काळात तो खडकीला लष्कराच्या वर्कशॉपात होता. बंदिस्त शेडमध्ये लॉऱ्यांची इंजिनं दिवसदिवस पळवून पाहायची, हे त्याचं काम. त्या वर्षांनी त्याच्या हाताला कसब दिलं आणि कानांतून काहीतरी काढून नेलं. माणूस समोर बसून बोलला तर त्याला ऐकू यायचं, इंजिनातला जड ठोका ऐकू यायचा. पण चिमण्यांची चिवचिव, सायकलची घंटी, कसलीही बारीक किरकिर त्याच्यापर्यंत पोचत नसे. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. ताजुन्निसाला मात्र ठाऊक होतं. चहाच्या भांड्यावरचं झाकण थडथडत असायचं आणि हा शेजारीच बसून निवांत वर्तमानपत्र वाचायचा. तिनेही कधी विषय काढला नाही.

सत्तावन्न सालच्या एप्रिलात, एका बुधवारी सकाळी, कुरुळीचा हिंदुराव आपली गाडी घेऊन आला. चाकण ते पुणे उतारू वाहून नेणारी ती जुनी, भली लांबरुंद अमेरिकन मोटार होती. पेट्रोल परवडेना म्हणून त्याने तिचं मूळचं इंजिन काढून डिझेलचं बसवून घेतलं होतं. तेव्हापासून ती अशी घुरघुरत चालायची की गावात तिला सगळे म्हैसच म्हणायचे.

"मिस्त्री, आयतवारी पनवेलला जायचंय," हिंदुराव म्हणाला. "भाचीचं लगीन हाय. नवरी आन् म्हातारी मानसं माझ्या गाडीत, बाकीचं वऱ्हाड ट्रकात. मधी बोरघाट हाय. एक डाव नजर टाका."

लालमहंमदने नजर टाकली. ब्रेक पाहिले, पाणी पाहिलं, पंख्याचा पट्टा ताणून पाहिला, टायर ठोकून पाहिले. तोवर इंजिन गार झालं होतं. त्याने ते चालू केलं, मान तिरपी करून ऐकलं आणि समाधानाने बॉनेट लावलं. "जा बिनघोर. काही नाही."

आत ताजुन्निसाचा हात पिठात थांबला होता. गाडी चालू होताच पहिले काही क्षण खर्रर्र असा आवाज आला होता, चाळणीत खडे हलवावेत तसा. मग तो दबला आणि त्याच्या जागी एक बारीक झिरझिर मागे उरली. दोन वर्षं ती ही गाडी ऐकत होती. हा आवाज तिचा नव्हता.

गिऱ्हाइकासमोर नवऱ्याचं बोलणं खोडायचं कसं, हा तिच्यापुढचा प्रश्न. तिने खिडकीतून सांगितलं, "चहा टाकलाय. पाहुण्यांना थांबवा."

चहा न्यायला लालमहंमद आत आला, तशी ती त्याच्याजवळ जाऊन हळू म्हणाली, "पुढच्या बाजूला, पट्ट्याच्या मागं काय असतं?"

"टायमिंगची साखळी. का?"

"ती सैल झालीय."

"टॅपेट वाजत असतील. ऐकलं की मी."

"काय ऐकलंत?"

त्याने उचललेला कप परत खाली ठेवला. म्हणाला, "ताजू, मला काहीच ऐकू आलं नाही."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो हे बोलला होता. तिने बशी त्याच्या हातात दिली आणि पदराने त्याच्या बाहीवरचं ग्रीस पुसलं, जे पुसण्यासारखं नव्हतंच.

लालमहंमद बाहेर आला, हिंदुरावपुढे चहा ठेवला आणि बॉनेट परत उघडलं.

"आता काय झालं?" हिंदुरावने विचारलं. "आत्ताच तर बिनघोर म्हनलात."

"माझा कान गेलाय, हिंदुराव. बारीक आवाज मला येत नाहीत. हिला आलाय."

हिंदुरावने खिडकीकडे पाहिलं. बाईमाणसाने इंजिनाबद्दल बोलावं हे त्याला नवीनच होतं; पण मिस्त्रीचा चेहरा थट्टेचा नव्हता. "भाबी, काय आलं तुमास्नी ऐकू?"

ताजुन्निसाने पदर सावरला. गिऱ्हाइकाशी ती आजवर बोलली नव्हती. "सकाळी गार गाडी चालू केली की रोज अशी खरखरते का?"

"व्हय. म्हैना झाला आसंल. पर जरा चालली की गप बसती, म्हनून मी बी गप बसलो."

"आणि तेल कधी बदललं?"

हिंदुरावने मान खाजवली. "दिवाळीच्या आधी. डिझेलचं तेल काळंच आसतं की, भाबी. बदललं तरी चार दिसांत काळं."

लालमहंमदने तळाचं तेल थोडं बोटावर घेऊन चोळलं. नुसतं काळं नव्हतं, त्यात कचकच होती. मग तो कामाला लागला. रेडिएटर उतरवला, पट्टा काढला, पुढचं झाकण खोललं. दुपार कलली तेव्हा साखळी उघडी पडली. त्याने अंगठ्याने दाबली तशी ती लोंबत्या दोरीसारखी आत गेली. तिला ताणून धरणारी पट्टी पार झिजली होती आणि एका कडीला केसाएवढी चीर पडली होती.

"हिच्यावर सगळा ताळमेळ," त्याने हिंदुरावला जवळ बोलावून दाखवलं. "खालचा दट्ट्या वर येतो तेव्हा वरची झडप मिटलेली पाहिजे. ते ही साखळी सांभाळते. ही तुटली की दट्ट्या झडपांवर आदळतो. मग दुरुस्त करायला काही उरत नाही."

"घाटात तुटली आसती तर?"

"भर उतारात इंजिन बंद पडलं असतं आणि सगळा भार नुसत्या ब्रेकांवर आला असता."

हिंदुराव पडलेल्या टायरवर बसला. भाचीचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटला आणि उरलेला थंड चहा एका घोटात प्यायला.

तशी साखळी पुण्यात मिळेना. गुरुवारी लालमहंमद पहाटेच्या गाडीने मुंबईला गेला आणि शुक्रवारी संध्याकाळी साखळी, दोन्ही दातेरी चक्रं आणि ताणपट्टी घेऊन परतला. जुन्या चक्रांवर नवी साखळी चढवली तर ती लवकरच पुन्हा ताणते, म्हणून त्याने सगळंच बदललं. खुणेला खूण लावली, हाताने इंजिन दोन वेळा पूर्ण फिरवून पाहिलं, तळ धुऊन नवं तेल भरलं. शनिवारी सकाळी चालू करायची वेळ आली तेव्हा त्याने खिडकीशी जाऊन सांगितलं, "बाहेर ये. आतून नको."

ताजुन्निसा पहिल्यांदाच त्या पत्र्यांखाली कामासाठी उभी राहिली. म्हैस घुरघुरली. खर्रर्र नाही, झिरझिर नाही. लालमहंमद तिच्या तोंडाकडे बघत होता.

"अब्बांनी नवी तात लावल्यावर असंच वाजायचं," ती म्हणाली.

रविवारी वऱ्हाड बोरघाट उतरून वेळेवर मांडवात पोचलं. सोमवारी हिंदुराव बुंदीच्या लाडवांची परडी घेऊन आला आणि परत जाताना चाकणपर्यंत थांबेल तिथे ही हकीकत सांगत गेला. महिनाभरात दोन्ही रस्त्यांवरचे ड्रायव्हर येऊ लागले. लालमहंमद आता काही लपवत नसे. "गाडी इथं गार होऊ द्या," तो सांगायचा, "गार इंजिन खोटं बोलत नाही. मग हिला ऐकू दे." तेलाबद्दल ताजुन्निसाने नियमच घातला होता. हजार मैलांनी बदला आणि गार गाडी चालू केल्या केल्या रेटू नका. जो ऐकायचा नाही त्याला चहा मिळायचा नाही. गॅरेजात साखळ्या बदलायचं काम उलट कमी झालं आणि त्याचा लालमहंमदला कोण अभिमान.

पुढच्या हिवाळ्यात यशवंतराव नावाचे ठेकेदार आले. पिंपरीला त्यांची बांधकामं चालत. त्यांच्या डिझेल मोटारीत किरकिर होती आणि आधीच्या मिस्त्रीने इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं होतं. बाई ऐकणार म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या, पण थांबले.

ताजुन्निसाने गार गाडी चालू करायला लावली. मग लालमहंमदला ती फाट्यापर्यंत न्यायला आणि परत आणायला सांगितली. ती रस्त्याकडेला उभी राहून ऐकत होती.

"इंजिन चांगलं आहे. साखळीही चांगली आहे. किरकिर गाडी हलली की येते, उभी असताना नाही," ती म्हणाली. "तेल मात्र या आठवड्यात बदला. आणि मागची बैठक उचला. तिथं काहीतरी काचेचं आहे."

लालमहंमदने बैठक उचलली. जॅकला टेकून, फडक्यात अर्धवट गुंडाळलेली, लोणच्याने भरलेली काचेची बरणी तिथे बसली होती.

यशवंतरावांनी बरणी ओळखली. "ही आमच्या मंडळींनी उन्हाळ्यात आपल्या बहिणीला द्यायला दिली होती," ते म्हणाले. "मी पोचवली म्हणून सांगितलंय."

लालमहंमद एवढा हसला की त्याला हातातला पाना खाली ठेवावा लागला. ताजुन्निसाने बरणीचं फडकं सोडलं, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "छान मुरलंय. आजच पोचवा."