हिलरीबाईवर लावलेली पैज

आमच्या आणि कोंडाजीभाऊंच्या परसात निवडुंगाचं कुंपण तेवढं होतं, आणि माझा धुण्याचा दगड कुंपणाला लागून. त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडण ऐकायला मला कधी कान लावावे लागले नाहीत. सत्याण्णव सालच्या महापालिका निवडणुकीत ऐकलेलं एक मात्र अजून तसंच्या तसं आठवतं.

त्यांचा महेश ओरडत होता, "आप्पा, वॉर्डातली सहाशे घरं पाठ हायेत तुम्हाला. कोण कुणाकडं झुकलंय ते झोपेत सांगाल. मी कितवीला हाय ते सांगा बरं!"

कोंडाजीभाऊ म्हणाले, "बारावी."

"बारावी होऊन वर्ष झालं!"

आत त्यांची बायको रंगूबाई भांडी घासत होती, ती आणखी जोरात घासायला लागली. मी हातातलं लुगडं पिळायचं विसरले.

तसा माणूस वाईट नव्हता. मखमलाबादला दोन एकर फुलं, झेंडू, शेवंती. पहाटे तोडायची, एम-एटी गाडीवर दोन्ही बाजूंना करंड्या बांधून नाशिकच्या फुलबाजारात न्यायची. व्यसन एकच, निवडणूक. स्वतः उभं राहायचं नाही, कुणाचा झेंडा धरायचा नाही, पण कुणाला तिकीट मिळेल आणि कोण पडेल ते आधी सांगायचं. त्यांची रीत साधी होती. उमेदवाराच्या दारातल्या चपला मोजायच्या, त्याही सकाळी सातच्या. "संध्याकाळच्या चपला मिसळपावाच्या असतात वहिनी," मला म्हणायचे, "सकाळी जो येतो तो मत देतो."

त्या सालात आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव होता आणि एका तिकिटाला तिघीजणी अडून बसल्या होत्या. कोंडाजीभाऊ म्हणाले, साळूबाईच. का, तर तिचे मालक आधी नगरसेवक होते. तिकीट साळूबाईला मिळालं, निवडूनही आली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, की ज्या बाईचा नवरा खुर्चीवर बसून गेलाय तिला कोणी पाडू शकत नाही. पुढे पाच-सहा बायकांनी त्यांचं म्हणणं खरंही करून दाखवलं.

महेश शिकला आणि दोन हजार साली अमेरिकेत गेला. आयोवा नावाचं राज्य, सगळा मका. चार वर्षांनी रंगूबाई वारली. कोंडाजीभाऊंनी घरी फोन घेतलाच नाही. महेश दर रविवारी सकाळी आठला आमच्याकडे फोन करायचा. कोंडाजीभाऊ पावणेआठला येऊन फोनशेजारच्या स्टुलावर बसायचे, अंघोळ करून, टोपी घालून.

"जेवला का?"

"हो आप्पा. तुम्ही?"

"आमची आत्ता सकाळ हाय. पाऊस?"

"बर्फ."

"बरं. ठेवू का मग?"

दोन मिनिटं. मी चहा टाकेपर्यंत संपायचं. मग तो चहा ते माझ्यासमोर बसून फार सावकाश प्यायचे.

दोन हजार सातच्या थंडीत एका रविवारी माझा चहा उकळून आटला तरी बोलणं चालूच; पलीकडचं मला नंतर कोंडाजीभाऊंकडून कळलं. महेशनं सांगितलं होतं, की इथं आता तिकिटाचं चाललंय. राष्ट्राध्यक्षपदाला कोण उभं राहायचं ते पक्षाचे पुढारी नाही, लोकच ठरवतात, एकेका राज्यात. सुरुवात आमच्याच आयोवात. लोक शाळेत जमतात आणि ज्याला जो हवा त्याच्या नावाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात.

"सगळ्यांच्या देखत?" कोंडाजीभाऊ स्टुलावरून उठलेच. "आणि भाऊबंद दुसऱ्या कोपऱ्यात असले तर?"

"असतात की. ज्या कोपऱ्यात माणसं कमी पडली, तिथल्यांना बाकीचे ओढून नेतात."

"म्हंजे आपलीच गावकी! उभं कोण कोण हाय?"

महेशनं नावं सांगितली. त्यात एक बाई, आणि तिचे मालक आधी आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष होते. झालं. कोंडाजीभाऊ हसत सुटले. "मग इचारायचं काय त्यात? बाईच!"

"नाही आप्पा, ओबामाची हवा आहे इथं."

"तिच्या दारात सकाळी चपला किती?"

"इथं बूट घालूनच घरात जातात."

"म्हणून तुमचा अंदाज चुकतो." मग आवाज जरा खाली आला. "पैज लाव. बाईला तिकीट मिळालं तर येत्या दिवाळीला तू इथं. पंधरा दिवस."

पलीकडून महेश हसला असावा. म्हणाला, लावली.

त्या दिवसापासून झुंबरच्या सलूनमधलं वर्तमानपत्र कोंडाजीभाऊंचं झालं. झुंबर अमेरिकेचं पान बाजूला काढून ठेवायचा, हे शनिवारी घेऊन यायचे आणि मला वाचून दाखवायचे. मी भाजी निवडता निवडता ऐकायचे. आयोवात बाई तिसरी आली. कोंडाजीभाऊ दोन दिवस जेवले की नाही, देव जाणे. पुढच्याच राज्यात ती पहिली आली, तर माझ्या दारात शेवंतीची अख्खी करंडी. फेब्रुवारीत बाई हरत गेली, हरतच गेली. मग मार्चमध्ये मोठी राज्यं जिंकली.

"अजून हाय," ते म्हणायचे. "म्हातारी माणसं तिच्याकडं हायेत वहिनी. म्हातारी माणसं मताला जातात."

मला एक दिवस राहवलं नाही. "भाऊजी, तिकडच्या बाईला कशाला वेठीला धरता? पोराला नुसतं ये म्हणा ना."

ते पान घडी करत होते. म्हणाले, "नुसतं ये म्हटलं आणि तो नाय म्हणाला तर? पैजेत हरलो तर बाई हरली. पोरगं नाय म्हणालं, असं होत नाय."

मी खाली बघून भाजी निवडत राहिले.

जूनच्या दुसऱ्या रविवारी फोन आला तेव्हा महेशचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. "आप्पा, बाईनं माघार घेतली! हरलात पैज!"

"हरलो बाबा." हेही हसले, चांगले मोठ्यानं. "आमचा साळूबाईचा हिशोब तुमच्याकडं चालत नाय."

महेश पुढे मुख्य निवडणुकीचं बोलत राहिला, हे हूं हूं करत राहिले. दिवाळीचा शब्द दोघांनीही काढला नाही. फोन ठेवल्यावर म्हणाले, "आज चहा नको वहिनी." नऊ वर्षांत... नाही, आठ. आठ वर्षांत पहिल्यांदा.

मला वाटलं, आता पुन्हा दोन मिनिटांवर येणार. पण कोंडाजीभाऊंनी तसं होऊ दिलं नाही. ओबामा विरुद्ध दुसऱ्या पक्षाचा तो म्हातारा, यावर नवे अंदाज सुरू केले. स्वतःला त्यात काडीचा रस नव्हता, मला दिसत होतं. पण रविवारी काहीतरी हातात हवं ना.

गणपती बसले होते, तेव्हाच्या एका रविवारी आठला फोन वाजला आणि मला उचलावा लागला. कोंडाजीभाऊ रात्री झोपेत गेले होते. मी महेशला तसं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, काल बरे होते का?"

बरे होते. मी त्याला शनिवारचं सगळं सांगितलं. गणपतीमुळे बाजाराला मागणी होती म्हणून दोन खेपा केल्या. दुपारी झुंबरकडे गेले, दाढी केली नाही, नुसतं अमेरिकेचं पान मागितलं. बाकावर बसून चष्मा लावून वाचलं, रविवारी सांगायची म्हणून एक ओळ झुंबरला दोनदा वाचायला लावली. मग पानाची चार पदरी घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली, आमच्या गणपतीला मूठभर झेंडू दिला आणि म्हणाले, "उद्या पावणेआठला येतो वहिनी."