मेट्रोतलं अर्धं वाक्य

आई गेल्यावर बाबांना पुण्याहून दिल्लीला, मयूर विहारमधल्या माझ्या घरी आणलं, तेव्हा ‘हिवाळ्यापुरतं’ असंच ठरलं होतं. त्यांनी कायमचं राहावं, ही माझी इच्छा. मी एकदा विचारलं, तर ‘बघू’ म्हणाले. झालं! तेव्हापासून माझं मन नकाराचे पुरावे गोळा करत सुटलं. त्यांनी पानात भाजी टाकली, पुरावा. इथल्या हवेने खोकला आला, पुरावा. पुण्याला फोनवर जरा जास्त हसले, तोही पुरावा.

त्यात एकदा आम्ही मेट्रोने डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. बाबा रिपोर्ट घरीच विसरले, म्हणून मी त्यांच्यावर जरा आवाज चढवला. समोरच्या दोन बायका खुशाल मराठीत बोलत होत्या. दिल्लीत आपली भाषा कुणाला कळतेय, या भरवशावर आम्ही सगळेच असे मोकाट सुटतो. एक म्हणाली, “केवढी खेकसते गं म्हाताऱ्यावर!”

माझे कान तापले. अस्सल पुणेरी उत्तर ओठांवर आलं होतं, पण बाबा शांतपणे खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर मला चैन पडेना. ऑफिसच्या मीटिंगमध्ये, कुकरच्या शिट्टीत, सगळीकडे तेच वाक्य. मी घरात एकदम मऊ बोलायला लागले. बाबा, पाणी हवं का? बाबा, टीव्ही लावू का? शेवटी एका सकाळी राहवलं नाही.

“बाबा, मी खेकसते का हो तुमच्यावर?”

“खेकसतेस की.” त्यांनी पेपर खाली घेतला. “मेट्रोतल्या बायकांचं घेऊन बसलीस होय? मग दुसरी काय म्हणाली?”

“काय म्हणाली?”

“निदान बरोबर घेऊन हिंडते, म्हणाली. तिची स्वतःची मुलगी तर फोनसुद्धा करत नाही.”

मी त्यांच्याशेजारीच बसले होते. मला यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं.

“एरवी कधी नाही, हे दोन-तीन दिवस मात्र वाटत होतं, आपण निघावं,” बाबा म्हणाले. “पाहुण्याशी बोलावं तशी बोलतेयस.”

मला रडूच आलं. आणि मन बघा, तेवढ्यातही ‘निघावं’ हा एकच शब्द घेऊन पळायला लागलं. या वेळी मी त्याला जाऊ दिलं नाही.

“म्हणजे राहताय,” मी म्हटलं.

“अगं, मग मघापासून काय सांगतोय!” बाबाच माझ्यावर खेकसले.