सुरीला लावायचा हात

सांगा, जीव वाचत असेल तर तुम्ही सुरीला नुसतं बोट लावलं असतं की नाही? घाईनं उत्तर देऊ नका.

जवळा बाजारच्या अलीकडं एक गाव आहे. तिथं मरीआईच्या बोकडावर पहिली सुरी जळबाच्या घराची. पणज्यापासूनचा मान. जळबानंही तो मिरवला. मग चाळिशीत त्यानं महानुभाव पंथाचा उपदेश घेतला; मटण सोडलं, मानही सोडला. बायको सखुबाई फणकारली, "आता सोयऱ्यांच्या ताटात काय वाढू?"

"पिठलं वाढ. पिठल्यानं कोणी मेलंय का?"

एक साल गावानं सोसलं. दुसऱ्या साली लंपी आला. दावणीला बैल मरू लागले आणि खापर जळबावर फुटलं. पारावर बोलावणं आलं. सखुबाईही मागोमाग गेली.

शिवशंकर त्याचा लंगोटीयार. तो गोडीनं म्हणाला, "जळबा, कापू नको. नुसता हात लाव, बाकी आमी बघतो. तुझ्या देवाला काय कळून राहिलं?"

"त्याला न्हाई कळलं, तरी बोकडाला कळते की."

काही जण हसले. तिथंच बिघडलं. हसू ऐकून मानकऱ्यांची डोकी फिरली.

सखुबाई त्याच्या कानाशी लागली. "अवो, लावा की बोट. लेकरांकडं बघा."

"त्यांच्याकडं बघूनच न्हाई म्हणून राहिलो."

काठ्या निघाल्या. जळबा हळदीच्या वावरातून पळाला, आणि सुटलाही होता. पण पाठलाग करणारा शिवशंकर शेततळ्यात घसरला. तळ्याचं प्लास्टिक शेवाळलेलं. आत पडलेला माणूस नखं तुटेस्तोवर खरवडतो, वर काही येत नाही. त्याची हाक ऐकून जळबा माघारी फिरला. काठावर पालथा पडला, पटका सोडला, दोस्ताला ओढून वर घेतलं. तोवर बाकीचे पोचले आणि काठ्या जळबाच्या डोक्यात बसल्या. पालथ्या माणसाला मारायला कसली आली मर्दानगी?

बांधावरून सखुबाईनं सगळं पाहिलं. पण पोलिसांना गावानं एका तोंडानं सांगितलं, जळबा पाय घसरून तळ्यात पडला नि मेला. ती बोलली, तर म्हणाले, बायकोच ती, बोलणारच. डोक्याला पडलेल्या खोकेबद्दल कोणी विचारलं नाही. शिवशंकर बाजूला उभा होता, कपडे ओलेच.

"भाऊजी," सखुबाई त्याला म्हणाली, "कोणी मारलं ते नका सांगू. कोण घसरलं, तेवढंच सांगा."

त्यानं मान वर केली नाही. अजून केलेली नाही. त्याच्या एका शब्दावर जळबाच्या मरणाचा निवाडा अडलाय.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात शिवशंकर हमखास दिसतो. शिव्या देऊ नका, त्या देऊन झाल्यात. जवळ जा आणि चारचौघांत इतकंच विचारा, "दादा, तळ्यात कोण पडलं होतं?"