धाकटीच्या चकतीचा करार

करार आला तेव्हा मी अकोल्याच्या कोर्टात होते. वाटणीच्या दाव्यात माझ्या पक्षकाराची उलटतपासणी चालली होती आणि माझ्या पिशवीत फोन सारखा थरथरत होता. बाहेर येऊन पाहिलं तर धाकट्या बहिणीचे कितीतरी फोन येऊन गेले होते. बाबांना काही झालं की काय? घाईघाईनं तिला फोन लावला.

"ताई, आला! आला न करार!" ती अमरावतीहून अशी ओरडली की शेजारी चहा पिणाऱ्या दोघा वकिलांनी माना वळवल्या. "पाठवला मी तुले. लवकर वाच. मले आजच सही करून पाठवाची हाय."

"आजच कावून?"

"अवो, त्यायचं मन बदललं तं?"

माझी धाकटी डिस्क गोल्फ खेळते. हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की पुढचं स्पष्टीकरणही तोंडपाठ झालंय. गोल्फसारखाच खेळ, पण काठी नाही आणि चेंडूही नाही. ताटलीएवढी कडक प्लॅस्टिकची चकती हातानं फेकायची. लांबवर एका लोखंडी खांबाला साखळ्या टांगलेल्या असतात, त्यांच्याखाली टोपली. वाटेतली झाडं, उतार, पाणी चुकवत कमीत कमी फेकींत चकती त्या टोपलीत घालायची. अमरावतीला व्यायाम शिक्षणाच्या कॉलेजात असताना कुणीतरी तिच्या हातात चकती दिली आणि भालाफेकीत कमावलेला तिचा खांदा एकदम नव्या कामाला लागला. पहिली टोपली तिनं अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या एका वेल्डिंगच्या दुकानातून करून आणली आणि गावी, नांदगाव खंडेश्वरला, आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोवली. चकत्या तुरीत हरवायच्या. बाबा आधी चिडायचे, मग स्वतःच शोधून आणून द्यायचे, आणि एक दिवस मी पाहिलं तर तेच लांबून नेम धरून उभे!

या खेळात पैसा कसा फिरतो हे कळायला मला बराच वेळ लागला. स्पर्धेची बक्षिसं बरीचशी खेळाडूंच्याच प्रवेश फीमधून येतात आणि ती वरच्या थोड्यांनाच मिळतात. मग खेळाडू जगतो कशावर? चकत्या बनवणाऱ्या कंपन्यांवर. नव्या खेळाडूला कंपनी पैसे देतच नाही, चकत्यांचा खोका देते. त्या स्पर्धेच्या ठिकाणी विकायच्या आणि परतीचं भाडं काढायचं. धाकटीनं हे कितीतरी दिवस केलं. पुण्याला, बंगळुरूला ती मैदानाच्या कडेला चादर अंथरून बसायची आणि आपली खेळायची वेळ आली की शेजारणीला "जरा पाह्यजो" सांगून पळायची. त्याच्या वरची पायरी म्हणजे खरा करार: वर्षाची ठरलेली रक्कम, पहिल्या तिघांत आलं तर बोनस, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खेळाडूच्या नावाची चकती, जी विकली की दर चकतीमागे वाटा. युरोपातल्या एका कंपनीनं आशिया पातळीवरच्या एका स्पर्धेतला तिचा खेळ पाहिला होता आणि आता तोच करार माझ्या फोनवर येऊन पडला होता.

मी बाररूममध्ये कोपरा धरून वाचायला बसले. पहिलं पान वाचून मलाच नाचावंसं वाटलं. धाकटीच्या नावाची चकती! तिची सही चकतीवर छापलेली! पण माझी सवय वाईट, मी शेवटच्या पानापर्यंत वाचते. करार दोन वर्षांचा होता. मात्र दोन वर्षांनंतर तो आणखी तीन वर्षं, त्याच रकमेत, वाढवायचा हक्क फक्त कंपनीला होता. दुखापत झाली तर पैसे बंद. करार संपला तरी तिच्या नावाची चकती कंपनी विकत राहणार आणि वाटा मात्र थांबणार. आणि जर्सीच्या छातीवर दुसऱ्या कुणाचंही नाव चालणार नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी एसटीनं अमरावती गाठली. तिच्या भाड्याच्या खोलीत ती आरशासमोर सही घोटत बसली होती, चकतीवर चांगली दिसावी म्हणून. मी एकेक कलम समजावलं. ती ऐकेना.

"ताई, तू मले अडवून राहिली. मी शाळेत हंगामी मास्तरीण हाय. असा कागद मले पुन्हा कोन देते?"

"सही करू नको म्हणत नाही. जशीच्या तशी करू नको म्हणते."

"तू कोर्टातल्यासारखी बोलून राहिली!"

"मी कोर्टातलीच आहे बाई!"

तिनं बाबांना फोन लावला. ते आपल्या बाजूनं बोलतील अशी तिची खात्री होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "म्हंजे वाहणाऱ्यानं वावर सोडतो म्हटलं तं नाई, आन मालकानं राहू दे म्हटलं तं राहाच लागते, तेबी जुन्याच भावात? मी तं असा ठोका कोनाले देल्ला नाई, आन घेतलाबी नाई."

ठोका म्हणजे वर्षाच्या ठरल्या रकमेवर वावर कसायला देणं, हे धाकटीला ठाऊक होतं. ती हसायलाच लागली. "बरं ताई, लिही. काय लिवाचं ते लिही. पन त्याच्याआधी डालमिलवाल्या काकांकडं कोन जाते?"

हा प्रश्न खरा अवघड होता. अकोल्याचे एक डाळमिलवाले तिचे पहिले प्रायोजक. त्यांच्याकडे ती पहिल्यांदा गेली तेव्हा मीही सोबत होते. त्यांनी विचारलं होतं, "हा खेळ टीव्हीवर दिसते का?" ती म्हणाली, नाही. "पेपरात येते का?" नाही. "मंग मी पैसे कावून देऊ बाप्पा?" धाकटीनं पिशवीतून चकती काढली. मिलच्या अंगणाच्या पार टोकाला, पोत्यांच्या थप्पीशेजारी, एक रिकामा पत्र्याचा ड्रम उभा होता. ती दोन पावलं धावली, गिरकी घेतली, चकती थप्पीला वळसा घालून गेली आणि ड्रमात जाऊन अशी वाजली की आतले हमाल बाहेर आले. काका खुर्चीतून उठले. "पुन्हा टाक." तिनं पुन्हा टाकली. "पुन्हा." त्या दिवसापासून तिच्या छातीवर त्यांच्या तूरडाळीचं नाव होतं आणि तिकिटांचा खर्च त्यांचा. कागद कसलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिलवर गेलो. धाकटीनं सरळ सांगून टाकलं. काकांचा चेहरा पडला.

"म्हंजे आता माहं नाव काढून टाकता. गोऱ्याचं मोठं झालं."

"काढत नाही काका," ती म्हणाली. "काढायचं असतं तं आमी इथं आलोच नसतो. बाही देतो म्हटलं तं?"

"बाही?" काकांनी आपल्या दंडाकडे पाहिलं. "फेकते त्या हाताची का दुसऱ्या?"

"फेकते त्याच हाताची. फोटो त्याच हाताचा येते."

काका माझ्याकडे वळले. "वकीलबाई, त्यायच्याशी पानंच्या पानं करून राहिल्या न तुमी? मंग मलेबी लिवून पाह्यजे. मराठीत. उजवी बाही माही. आन तिच्या नावाची चकती निंगन ते पिवळी पाह्यजे. आमच्या डाळीवानी."

मी तिथंच बसून एका पानाचा करार लिहिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, "जोपर्यंत खेळेल तोपर्यंत" या शब्दांखाली रेघ ओढायला लावली आणि सही करून पेढे मागवले. आता आमच्या हातात एक करार होता आणि दुसऱ्यासाठी भांडायला बळ आलं होतं.

कंपनीच्या माणसाशी बोलणं एका संध्याकाळी ठरलं, तिथं तेव्हा दुपार होती. मी काळा कोट घालावा की नाही यावर धाकटीशी वाद झाला. शेवटी साडीच नेसले. नेमके ऐन वेळी दिवे गेले. फोनच्या नेटवर लॅपटॉप जोडला, खिडकी उघडली आणि उरल्यासुरल्या उजेडात आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो. मी तिला बजावून ठेवलं होतं, तू बोलायचं नाही, मी बोलते.

माणूस हसरा होता. बाही त्यानं लगेच मान्य केली. पिवळा रंग ऐकून तर खूशच झाला, म्हणाला, गवतात पटकन सापडते. मुदतवाढीचं कलम आलं तसा मात्र त्याचा सूर बदलला. सगळ्या नव्या खेळाडूंना हेच कलम असतं, आम्ही अनोळखी नावावर पैसा लावतो, म्हणून पुढची खात्री हवी, असं तो म्हणाला. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात धाकटी पुढं सरकली. तिचं इंग्रजी मोडकं, पण आवाज मैदानावरचा.

"तुम्हाला वाटतं मी चांगली होणार?" तिनं विचारलं.

"वाटतं. म्हणून तर करार करतोय."

"मग मी चांगली झाल्यावर आजच्या भावात का? आणि नाही झाले तर तीन वर्षं तुम्ही मला ठेवणार आहात का?"

मला वाटलं, गेलं सगळं. टेबलाखाली माझा हात तिनं इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. मग तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, आठवडाभर द्या.

तो आठवडा आम्ही कसा काढला, विचारू नका. फोन वाजला की ती उडी मारायची आणि मी पक्षकारांच्या तारखा विसरायची. शेवटी उत्तर आलं. मुदतवाढ दोघांच्या संमतीनं आणि वाढीव रकमेत. दुखापत झाली तर काही महिने निम्मे पैसे. करार संपल्यावर नाव तिचं तिच्याकडे. बोनस मात्र त्यांनी कमी केला होता. त्यावर मी पुन्हा लिहिणार होते, पण धाकटी म्हणाली, "ताई, पुरे. बोनस मी खेळून भरून काढीन." मग सही झाली. यावेळी ती घोटत बसली नाही. एका झटक्यात केली, आणि तीच चकतीवर छापली गेली.

उन्हाळ्यात ती युरोपात पहिली मोठी स्पर्धा खेळली. मी नांदगाव खंडेश्वरला घरी गेले होते. खेळ कुठं दिसत नव्हता, फोनवर फक्त आकडे भरत जायचे. बाबा, आई आणि मी खाटेवर एका फोनभोवती डोकी घालून बसलो.

"हे मायनस दाखवून राहिलं," आई घाबरून म्हणाली. "मागं पडली का वो?"

"नाई," बाबा म्हणाले, "जितकं मायनस तितकं चांगलं. कमी फेकींत झालं न."

"उलटाच खेळ हाय."

वरच्या ठराविक जणींना बक्षीस, त्याखाली एक रेघ. धाकटीचं नाव त्या रेघेवर खालीवर होत होतं. शेवटच्या टोपलीआधी ते रेघेच्या बरोबर खाली होतं. त्या टोपलीच्या वाटेत तळं आहे, हे तिनं सकाळीच सांगितलं होतं. चकती पाण्यात गेली तर एक फेक दंड. तिच्या नावापुढची शेवटची चौकट रिकामी होती. बाबांनी बोटानं पडदा खाली ओढला. रिकामीच. पुन्हा ओढला. आई देवघराकडे तोंड करून बसली. आणि मग चौकटीत आकडा उमटला. दोन!

तीन फेकी धरलेली टोपली तिनं दोन फेकींत केली होती. नाव रेघेच्या वर सरकलं आणि तिथंच थांबलं. बाबा खाटेवरून असे उठले की खाट करकरली. "टाकली रे पोरीनं! टाकली!" ते अंगणात जाऊन ओरडले, आणि समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, "काय टाकलं भाऊ?" मी डाळमिलवाल्या काकांना फोन लावला, तर तो लागेना, कारण ते मलाच लावत होते.

थोड्या वेळानं धाकटीचा फोन आला. धापा टाकत होती. मागे लोकांचा गलका. "ताई, पाण्यावरून गेली न सरळ! मले वाटलं बुडाली, बुडाली, आन वाऱ्यानं उचलली! सगळे ओरडले इथं!"

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "पोरी, उद्याचा खेळ कितीले हाय?"

"उद्या नाही बाबा, स्पर्धा संपली. आता पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या देशात."

"कोन्त्या?"

तिनं सांगितलं. बाबांना नाव नीट कळलं नाही. त्यांनी ते तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं, स्वतः म्हणून पाहिलं, आणि मग दिवे लागेपर्यंत ते येणाऱ्या जाणाऱ्याला तेच सांगत अंगणात फिरत राहिले.