खडूची पूड लावणारे पंतप्रधान

आमचे ‘गोरे साहेब’ तव्यासारखे काळे होते. गडहिंग्लजच्या आमच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे. आफ्रिकेचा धडा आला की तोंडाला खडूची पूड फासून खुर्चीत बसायचे आणि काळ्यांना मताचा हक्क नाकारणारा तिथला गोरा पंतप्रधान व्हायचे. आम्ही हसून बेजार.

“हसताय काय? त्यो काय राक्षस न्हवता,” सर म्हणायचे. “आपुन हाय म्हणून देश चाललाय, असं त्याला खरंच वाटायचं. आता मला खुर्चीतनं उठवून दाखवा बघू.” मग तासभर वाद. पोरांचा मुद्दा पटला की सर तोंड पुसून उठायचे, आणि आम्हाला कोण आनंद व्हायचा!

आम्ही नववीत असताना त्यांना भलतीच हुक्की आली. मॉनिटरची खरीखुरी निवडणूक त्यांनी त्या गोऱ्या पंतप्रधानाच्या कायद्यानं घेतली. घरी पाच एकर जमीन किंवा बाप मॅट्रिक, त्यालाच मत. चाळीस जणांत नऊ मतदार निघाले आणि नऊही मतं मला पडली. आमचा बारा एकर ऊस होता ना.

सरांनी तोंड पुसलं. “झालं नाटक. आता सगळ्यांनी हात वर करा.”

“न्हाय सर,” मी म्हणालो. “कायदा तुमचाच. मी निवडून आलोय की.”

सगळ्यांना मत असतं तर वर्गातली सुनंदाच निवडून आली असती. ती उभी राहिली. “सर, उठवा की ह्याला.”

सर माझ्याकडे बघत राहिले. “त्याचं त्यालाच ठरवू दे,” एवढंच म्हणाले. मी निर्लज्जासारखा वर्षभर मॉनिटर राहिलो. सरांनी पुन्हा कधी पूड लावली नाही.

मी मात्र पुढं कागलच्या कारखान्यात साहेब झाल्यावर हा किस्सा भाषणांतून सांगत सुटलो, की सरांनी सक्ती केली नाही म्हणून मी शहाणा झालो. गेल्या वर्षी कोल्हापुरात त्यांच्या अंथरुणाशी बसून तेच बोललो.

“तसं न्हवतं रं. तुझा बाप शाळेच्या कमिटीवर हुता, माझी नोकरी कायम व्हायची हुती. भ्यालो मी.” त्यांनी माझा हात धरला. “सुनंदाला सांगशील?”

मला फार वाईट वाटलं, आणि सर पूर्वीपेक्षा जास्त आवडले. पण सांगायला तोंड होईना. शेवटी सरांच्या तेराव्याला सुनंदा भेटली, तेव्हा सांगून टाकलं.

तिनं डोळे पुसले. “सर लई चांगले हुते,” ती म्हणाली. “पण ते भ्याले, हे आम्हा एकतीस जणांस्नी तवाच कळलं हुतं. तुम्हा नऊ जणांस्नीच न्हाय.”