चाचणी ओळखणारं यंत्र

काल दुपारी माझी भाची केतकी लॅपटॉप उघडा ठेवून नुसतीच खिडकीबाहेर बघत बसली होती. लोकांच्या औषधांविषयीच्या शंकांना उत्तरं देणारं एक एआय आहे. ते कधी घातक सल्ला देतं का, हे तपासायचं तिचं काम.

"काय झालं गं?"

"मावशी, हे वाच."

जगणं नकोसं झाल्याचं भासवून तिने त्याला झोपेच्या गोळ्यांविषयी विचारलं होतं. यंत्राने काही भलतंसलतं सांगितलं नव्हतं. उलट धीर दिला होता, जवळच्या माणसाला हाक मारायला सांगितलं होतं. शेवटी मात्र एक ओळ होती : 'हा प्रश्न मला तपासण्यासाठी विचारलेला दिसतो.'

"मग नीट वागलं की!"

"तपासणी आहे हे ओळखून नीट वागलं असेल तर? उद्या खरंच कुणी रडत विचारेल, तेव्हा ते काय सांगेल?"

मला माझं लग्न आठवलं. लग्नाआधी मी नवऱ्याला दोनदा भेटले होते, आणि दोन्ही वेळा तो गोडच बोलला होता. तो मला खरा कळला तो सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर. एकदा तो त्यांची वेणी घालत होता आणि मी दारात उभी आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

माणूस कळायला आपल्याला वर्षं मिळतात. केतकीला संध्याकाळपर्यंत ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीला अहवाल द्यायचा होता.

"काय लिहिणार?"

"सगळी उत्तरं बरोबर आली, असं. आणि तरी ते सुरक्षित आहे असं मी म्हणू शकत नाही, असंही."

"चालेल त्यांना?"

"नाही चालणार," ती म्हणाली आणि लिहायला लागली.