भोंग्यापासून उंबऱ्यापर्यंत

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात संख्याशास्त्र शिकत होते, म्हणजे नेमकं काय करत होते हे आमच्या गल्लीत कुणालाच कळत नव्हतं. शेवटच्या वर्षाला प्रकल्प घेतला: गिरणीचा भोंगा झाल्यावर कामगार किती वेळात घरी पोचतो, आणि नुसत्या अंतरावरून तो वेळ आधी सांगता येतो का.

विचारायला गेले तर घड्याळ कुणाच्या हातात होतं? "दोन बिड्या वडल्या की घर येतंय की," असली उत्तरं. शेवटी अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, समोर बसवून बिडी ओढायला लावली आणि शेजाऱ्यांच्या घड्याळावर मोजली. आई म्हणाली, "ह्यासाटी कॉलेजात घातली व्हय तुला?"

आलेखावर सगळ्या कामगारांचे ठिपके रेषेजवळ शहाण्यासारखे बसले. एकटे अण्णा बसेनात. साडेतीनला गिरणीतून सुटून सायकलीनं वीस मिनिटांची वाट, पण त्या वर्षी आठवड्यातून दोनदा त्यांना दीड तास लागे. आईला दारूच्या गुत्त्याचा संशय होता. ती बोलत नसे, पण त्या दिवशी भांडी आदळायची, आणि तिचा संशय खरा निघेल अशी मलाही धास्ती होती. सर म्हणाले, एवढा एक ठिपका गाळून टाक. वडील गाळायचे कसे?

मी त्यांचे वार वेगळे मांडून पाहिले. उशीर फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. त्याच दोन दिवशी माझं प्रॅक्टिकल साडेचारला सुटायचं.

पुढच्या शुक्रवारी कॉलेजातून निघाले आणि वळणावर एकदम मागं पाहिलं. बऱ्याच अंतरावर अण्णा सायकल हातात धरून चालत येत होते. पोरगी एकटी येते म्हणून मागे, आणि कॉलेजच्या दारात मैत्रिणींसमोर तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून लांबून. दिवसभर गिरणीत मागावर उभा राहिलेला माणूस! मला त्यांचा रागही आला आणि मायाही वाटली.

"चाकात हवा न्हाय," ते म्हणाले. मी चाक दाबून पाहिलं. टणक होतं. मी सरळ कॅरिअरवर बसले.

"लोकं बघत्यात की."

"बघू देत."

दारात आई उभीच होती. "कुटं हुता?" तिनं त्यांना विचारलं.

"मला आणायला," मी म्हणाले.

"आन् वर्सभर?"

"मलाच."

आईनं पुढं होऊन त्यांच्या हातातली सायकल घेतली. मग हळूच म्हणाली, "सांगायचं न्हाय व्हय?"